तिसरं पोकळ

१

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलेलं नव्हतं, तरी ऑफिसात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. पूर्ण नाव साखळीमास्तर. हे नाव त्यांना कामामुळे पडलं होतं आणि कामापुरतं ते शोभतही होतं.

संगणकावर चालणारे जे लहान लहान प्रोग्राम असतात, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, त्यातला एकही एकट्याच्या बळावर उभा राहत नाही. तारीख लिहिणाऱ्याला महिने मोजणारा लागतो, महिने मोजणाऱ्याला आकडे समजणारा लागतो, आणि त्यालाही आणखी कुणीतरी. कुणाला कोण हवं आणि तो जागेवर आहे की नाही, हे बघत राहणं म्हणजे मास्तरांची नोकरी. त्यासाठी त्यांनी आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती, तिला ते चाळणी म्हणायचे. चाळणी रोज सकाळी साडेनऊला चौदा हजार फायली ओळ न ओळ वाचायची आणि कुणाला कोण हवं याची यादी काढायची. हवा असलेला कुठंच सापडला नाही, तर त्याच्या नावाखाली लाल रेघ यायची. यादीत एक जरी लाल रेघ असली तरी शुक्रवारचं प्रकाशन, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पडणं, अडायचं. एकवीस वर्षांत मास्तरांनी एकही लाल रेघ समजून घेतल्याशिवाय पुसली नव्हती.

ऑफिसात आठ टेबलं होती आणि येणारा माणूस एक. बाकीचे सगळे केव्हाच घरून काम करायला लागले होते. मास्तर मात्र रोज डबा घेऊन यायचे, कुलूप उघडायचे, सगळे दिवे लावायचे. घरी बसून तरी काय करायचं? इथलं रिकामपण निदान आठ टेबलांत वाटलं जायचं.

जवळचं म्हणावं असं एकच माणूस होतं, ती म्हणजे ताई. बसनं तीन तासांवर राहायची. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाली होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर रविवारी अकराला तिचा फोन यायचा. दोघंच भावंडं, त्यामुळे तिच्या लेखी मास्तरांचं नाव धाकटा. या नावानं हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

गेल्या रविवारी ती म्हणाली होती, "धाकट्या, आता काय ते सांगून टाक. मागची खोली रिकामी ठेवून मला कंटाळा आला. टेबल खिडकीपाशी लावलंय, तुझ्या त्या यंत्रांसाठी चार प्लग बसवून घेतलेत. अकरा वर्षं तू बघू म्हणतोयस."

"बघू म्हणजे, बघतोच आहे," मास्तर म्हणाले.

"शाळेतल्या एक बाई खोली मागतायत. येत्या रविवारी हो नाही तर नाही. मी काही चिडणार नाही."

मास्तरांना जायचं होतं. मनातून फार जायचं होतं. पण ताई बोलावते ती दया येऊन, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एकट्या भावाची कीव करून कुणी प्लग बसवून घ्यावेत आणि आपण त्या खोलीत ओझं होऊन पडावं, हे त्यांना सोसवत नव्हतं. आपण तिला हवे आहोत, असं त्यांना एकदा जरी वाटलं असतं तरी ते पहिल्या बसनं गेले असते. असं विचारायचं कसं, ते त्यांना कधी सुचलं नाही.

२

मंगळवारी सकाळी यादीत लाल रेघ आली. नाव होतं, दिवा::जिना.

मॉड्यूलांची नावं अशीच असतात, घराण्याचं नाव आधी आणि मग त्याचं स्वतःचं, मधे दोन-दोन ठिपके. त्यामुळे मास्तरांना पहिल्यांदा काही खटकलं नाही. नाव आपल्या भाषेत कसं, हे मात्र खटकलं. मागणारा होता तारखा लिहिणारा एक जुना मॉड्यूल, ओळ एकेचाळीस. मास्तरांनी फाईल उघडली. एकेचाळिसावी ओळ कोरी होती. नुसती दिसायला कोरी नाही, तर खरोखर कोरी. एखादी रिकामी जागासुद्धा तिच्यात नव्हती. त्यांनी चाळणी पुन्हा चालवली. पुन्हा तेच नाव, तीच ओळ.

चाळणी चुकते, हे त्यांना माहीत होतं. कधी ती फायलीतल्या सूचनांचा मजकूरच मागणी समजून बसते. पण मजकूर असल्याशिवाय ती चुकणार कशी?

दोन वाजता प्रकाशनाचं बघणाऱ्या बाईंचा फोन आला. मास्तर त्यांना मनातल्या मनात घाईबाई म्हणायचे. सात वर्षं रोज बोलणं होतं, तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

"मास्तर, यादी स्वच्छ?"

"एक रेघ आहे बाई. शोधतोय."

"कुठलं आहे?"

"दिवा जिना असं काहीतरी. हे नाव आजवर ऐकलेलं नाही."

"मग पोकळ टाका ना एक. तुम्ही एकटेच असे आहात बघा. बाकी सगळे टाकतात आणि रात्री शांत झोपतात."

पोकळ म्हणजे ज्याच्यात काहीच नाही असं पॅकेज. बाहेर फक्त पाटी असते, की अमुक इथं मिळेल. कुणी विचारलं, आहेस का, तर ते म्हणतं, आहे. साखळी पूर्ण होते, रेघ जाते. आत डोकावून बघायला कुणी येत नाही. या धंद्यात सगळे पोकळ टाकतात आणि कुणी कबूल करत नाही. मास्तरांनी एकवीस वर्षांत एकही टाकलं नव्हतं आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

साडेपाचपर्यंत त्यांनी डोकं फोडून घेतलं आणि मग पोकळ टाकलं. रेघ गेली. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. अकरा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली, की यापुढे ज्या नावाखाली लाल रेघ येईल त्याचं पोकळ आपोआप बनावं, मास्तरांना न विचारता. एकदा ताठा मोडलाच आहे तर रोज रोज लाज कशाला वाटून घ्यायची, असा हिशोब होता. कागदावर तो बरोबरच होता.

३

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो तिथं एक पिवळा दिवा होता. त्या संध्याकाळी ते वळणावर आले आणि त्यांचा पाय पायरीवरून घसरला.

दिवा लागलेला होता. काचेच्या आतली तार पिवळीधमक दिसत होती. पण खाली पायऱ्या दिसत नव्हत्या. मास्तरांनी चष्मा पुसला. मग हात वर करून दिव्यापाशी नेला. दिवा त्यांना दिसत होता, पण हात दिसत नव्हता. तळव्याला ऊबही लागत नव्हती. मग ते भिंतीला धरून एकेक पायरी चाचपत वर गेले.

रात्री त्यांनी स्वतःची समजूत घातली. वय झालं. डोळ्यांत काहीतरी वाढत असेल. दिवा हलक्या प्रतीचा असेल. प्रत्येक कारण तपासून बघितलं, प्रत्येक थोडं थोडं पटलं आणि सगळी मिळूनही पुरेशी झाली नाहीत. त्या पोकळाचं नाव त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि आपण एकटे राहून राहून भ्रमिष्ट व्हायला लागलो, असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं.

सकाळी खाली इमारतीचा रखवालदार भेटला. त्याला त्यांनी सांगितलं.

"दिवा लागतोय की, साहेब," तो म्हणाला.

"लागतोय. पण उजेड पडत नाही."

रखवालदारानं जरा विचार केला. "पण लागतोय ना?"

"हो."

"मग तक्रार काय म्हणून लिहू?"

मास्तर ऑफिसात गेले. यादी स्वच्छ होती. गुरुवारीही स्वच्छ होती. शुक्रवारीही. घाईबाई खूश झाल्या, म्हणाल्या, "बघा मास्तर, उगाच जिवाला घोर लावून घेत होतात." मास्तरही हसले. लाल रेघेसाठी यादीवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवायची त्यांची सवय तीन दिवसांतच सुटली होती. रेघच नसेल तर वाचायचं कशाला?

४

शनिवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन खिडकीपाशी बसले होते. भिंतीपलीकडे शिंपीकाकांचं मशीन चालू होतं. काकांची आणि मास्तरांची ओळख जिन्यातल्या चार वाक्यांपलीकडे कधी गेली नव्हती, पण मशीन त्यांच्या ओळखीचं होतं. वीस वर्षं ते ऐकत होते. चार-पाच टाके, मग थांबणं. दोरा तुटला की पुटपुटणं. कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज. एक खोकला. मग पुन्हा चार-पाच टाके. मास्तरांच्या घरात दुसऱ्या माणसाची चाहूल म्हणून एवढंच काय ते होतं आणि त्यांना ते पुरत होतं.

चहा संपेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. कप विसळताना लक्षात आलं. मशीन थांबत नव्हतं. ते सातला उठले तेव्हा चालू होतं आणि आता पावणेदहा झाले होते. मधे दोरा तुटला नव्हता. कात्री वाजली नव्हती. खोकला आला नव्हता. मास्तर ओल्या हातानं भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. पाऊण तासात आवाजात केसाचाही फरक पडला नाही.

आपण लोकांच्या भिंतीला कान लावून उभे आहोत याची त्यांना शरम वाटली, आणि त्या शरमेपोटीच त्यांनी बाहेर जाऊन काकांच्या दारावर टकटक केली. दार नुसतं लोटलेलं होतं.

काका मशीनवर बसले होते, दाराकडे पाठ करून. पाय हलत होते. चाक फिरत होतं. सुईखाली पांढरं कापड सरकत होतं, टेबलावरून खाली उतरत होतं आणि जमिनीवर त्याचा ढीग झाला होता. मास्तर दोन पावलं आत गेले. मशीनवर रीळ नव्हतं. कापडावर टाकाही नव्हता आणि सुईनं पाडलेलं भोकही नव्हतं.

"काका, बरं आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. आवाज त्यांचाच होता.

"सकाळपासून बसलात. काही खाल्लंत का?"

"आहे."

"काका, इकडे बघा बरं."

पाय थांबले नाहीत. मान मात्र वळली, सावकाश, बोलावणाऱ्याकडे जशी वळावी तशीच. मास्तरांनी तो चेहरा पाहिला. नाक, डोळे, पांढऱ्या मिशा, सगळं जागच्या जागी होतं. फक्त तो कुणाकडेच बघत नव्हता.

"आहे," तो चेहरा म्हणाला.

मास्तर बाहेर आले आणि त्यांनी दार पहिल्यासारखं लोटून घेतलं. जिन्यावरून उतरताना वाटेत तो दिवा आला. सकाळच्या उन्हातही तो पिवळाधमक दिसत होता. तिथं त्यांना आठवलं, की त्या अकरा ओळींनी तीन दिवसांत काय काय बनवलं ते आपण एकदाही उघडून बघितलेलं नाही.

५

शनिवारच्या ऑफिसात आठ टेबलं तशीच होती. मास्तरांनी दिवे लावले नाहीत. कोट न काढता ते बसले आणि पोकळांची यादी उघडली.

तीन नावं होती.

दिवा::जिना, मंगळवार, संध्याकाळ. हे त्यांचं स्वतःचं.

शेजार::शिंपी, बुधवार, सकाळी साडेनऊ वाजून चार सेकंद.

तिसरं नाव एकाच शब्दाचं होतं. ताई. गुरुवार, सकाळी साडेनऊ वाजून चार सेकंद. मागणारा, धाकटा.

मास्तरांनी हा शब्द कुठल्याही यंत्रावर कधी लिहिलेला नव्हता. तो फोनवरच ऐकू यायचा आणि फोनवरच राहायचा. पण एकवीस वर्षांची सवय हातांत होती आणि हात चालू राहिले. त्यांनी बुधवारची जुनी यादी काढली, गुरुवारची काढली, शुक्रवारची काढली आणि तिन्ही शेजारी शेजारी लावल्या.

तेव्हा त्यांना पहिल्यांदा समजलं, की आपण सगळं उलटं समजत होतो. पोकळानं कुणाला घालवलं नव्हतं; जो आधीच गेला होता त्याच्या जागी ते फक्त उभं राहिलं होतं. लाल रेघ म्हणजे काय? हवा असलेला माणूस आता कुठंच सापडत नाही. चाळणी चुकली नव्हती. ती रोज साडेनऊला बजावत होती आणि चार सेकंदांत त्यांची स्क्रिप्ट तिचं तोंड दाबत होती. बुधवारी भिंतीपलीकडचं कुणीतरी नाहीसं झालं आणि मास्तर यादी स्वच्छ म्हणून हसले. गुरुवारी सकाळी साडेनऊला ताईच्या नावाखाली लाल रेघ आली होती. ताईच्या गावाची बस दहाला सुटते. मास्तरांनी रेघ वाचली असती, तर ते धावत जाऊन ती बस पकडू शकले असते.

हा नुसता तर्क आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. एकटा माणूस, कोरी ओळ, जिन्यातला खराब दिवा, वयानं भ्रमलेला शेजारी. फोन करून बघायला काय जातं?

६

दोनदा रिंग वाजली आणि फोन उचलला गेला.

"ताई?"

"आहे," ताई म्हणाली.

आवाज अगदी तिचा होता. शेवटचं अक्षर किंचित लांबवायची तिची सवयसुद्धा त्यात होती. पण ताईच्या आवाजामागे नेहमी तिचं घर ऐकू यायचं. गळका नळ, रस्त्यावरची मुलं, बोलता बोलता ती करत असलेलं एखादं काम. आज आवाजामागे काहीच नव्हतं.

"मी बोलतोय. बरी आहेस ना?"

"आहे."

"अगं, उद्या रविवार. मी म्हटलं आजच सांगावं." अकरा वर्षं जे वाक्य त्यांनी अंघोळ करताना, रस्त्यानं चालताना, बसस्टॉपवर उभं राहून मनात म्हणून बघितलं होतं, ते आता तोंडातून निघालं. "मी येतो ताई. खोली त्या बाईंना देऊ नकोस. मी कायमचा येतो."

थोडा वेळ गेला. तेवढ्या वेळात मास्तरांनी सगळी आशा लावली.

"आहे," ताई म्हणाली.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. समोर तीन दिवसांच्या याद्या होत्या. ताईला कुणी हवं होतं का, ते त्यांनी बुधवारच्या यादीत शोधलं; ओळ लगेच सापडली. चौदा हजार ओळींमधली ती एक ओळ, खाली रेघ नव्हती म्हणून, त्यांनी बुधवारी वाचलेली नव्हती.

बुधवार. ताई. हवं असलेलं: धाकटा.

एवढंच. दुसरं काही नाही, दुसरं कुणी नाही. त्यांनी मागची यादी काढली. तेच. मागच्या वर्षीची काढली, मग पाच वर्षांपूर्वीची, मग अकरा वर्षांपूर्वीची, जिथवर जपून ठेवल्या होत्या तिथवर सगळ्या. प्रत्येक यादीत ती ओळ होती, रोज सकाळी साडेनऊला नव्यानं लिहिलेली. आपल्या नजरेखालून ती चार हजार वेळा गेली आणि आपण फक्त रेघा बघत बसलो. मास्तर रडायला लागले.

शुक्रवारची यादी त्यांना वाचायची नव्हती, पण ती समोरच होती. ताई. हवं असलेलं: काही नाही. पोकळाला कुणीच लागत नाही.

पोकळ काढून टाकणं म्हणजे एका कळीचं काम होतं. मास्तरांनी नाव निवडलं. यंत्रानं विचारलं, नक्की काढायचं का? कळ दाबली की लाल रेघ परत येईल, हे त्यांना माहीत होतं. रेघ खरी असेल. फोन वाजत राहील आणि कुणी उचलणार नाही, मग बस, मग ते बंद दार, मग शेजाऱ्यांना विचारणं. प्रामाणिक माणसानं करायचं ते एवढंच होतं आणि मास्तर आयुष्यभर प्रामाणिक माणूस होते. त्यांनी बोट कळीवर ठेवलं.

"ताई," ते म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझी दया येते."

"आहे."

"तसं नव्हतं, होय ना?"

"आहे."

बोट कळीवर बराच वेळ राहिलं. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मग मास्तरांनी बोट उचललं, खुर्ची फोनजवळ ओढली आणि आज शिंपीकाकांकडे काय झालं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ते सांगून झाल्यावर आधीच्या आठवड्याचं सांगितलं, मग त्या आधीचं, मग जे जे अकरा वर्षांत सांगायचं राहून गेलं होतं ते. ते थांबले की पलीकडून उत्तर यायचं. पलीकडे कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण एवढ्या वर्षांनी बोलायला सुरुवात केल्यावर फोन खाली ठेवणं त्यांच्याच्यानं झालं नाही.